तुझ्या नावावरचे दोन बेस्तवार

अंगणातल्या टाकीचं लोखंडी झाकण आपण दोघांनी मिळून उचललं, ते आपलं शेवटचं काम. जमिनीखालची टाकी, इथं तिला सगळे संप म्हणतात, तूही तेच म्हणायचीस. एका कडीला तू, एका कडीला मी.

"उचला की."

"उचलतोयच. तूच ढिलं सोडलंस."

"मी ढिलं सोडलं? आयुष्यभर पंपाच्या मोटारी उचलल्या म्हणून लोकांना सांगता, आणि एक झाकण होईना."

झाकण सरकलं. तू केरसुणीची काठी आत घातलीस, बाहेर काढलीस, ओल्या खुणेवर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, "दीड हात. टँकर परवा येतो म्हणाला ना? मग उद्या धुणं नको." मी म्हणालो, "मोजलं म्हणून वाढतं का पाणी?" हे मी तुला किती वेळा म्हटलं असेन काशे, तुलाच ठाऊक. एरवी तू फाडकन उत्तर दिलं असतंस. त्या दिवशी काठी भिंतीला टेकवलीस, पायरीवर बसलीस आणि म्हणालीस, "स्वल्प थांबा. दम लागलाय." मी थांबलो नाही. एकटाच झाकण ओढत बसलो आणि वर तुलाच ओरडलो, की कामाच्या वेळेलाच तुझा दम कसा लागतो. तो बुधवार. दुसऱ्या दिवशी पहाटे तुला रिक्षात घालून दवाखान्यात न्यावं लागलं.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकवाल्यांनी मला सांगितलंय की दोन पानं लिहून द्या. जन्म कुठला, लग्न कधी, शिक्षण किती, स्वभाव कसा. 'मनमिळाऊ' हा शब्द घाला, सगळे घालतात, असंही म्हणाले. तू आणि मनमिळाऊ! आपल्या चामराजपेटेतल्या कुठल्याही भाजीवाल्याला विचारा म्हणावं. तू कोथिंबिरीच्या जुडीतून एक पिवळी काडी काढून त्याच्या नाकासमोर धरायचीस, तेव्हा तो माणूस हात जोडायचा. जन्मतारीख तर तुझी तुलाही माहीत नव्हती. मी चौथी शिकलेला माणूस, असले लेख मला येत नाहीत. मला जे सांगायचंय ते तुलाच सांगायचंय. त्यांना छापायचं तर छापू देत, नाहीतर त्याच कागदावर चिवडा खाऊ देत.

घरी माणसं आली होती. एक म्हणाली, "सुटल्या बिचाऱ्या." कशातून सुटली? तुझं काय अडलं होतं? तू अजून चार उन्हाळे माझं डोकं खाल्लं असतंस. बनशंकरीचा तुझा मावसभाऊ आला, तासभर बसला आणि आपल्या गुडघ्यांबद्दल बोलून गेला. दुसरा एक मला म्हणाला, धीर धरा. जणू धीर म्हणजे बसमधला दांडा आहे, हात वर केला की सापडतो. मी सगळ्यांना कॉफी दिली. तुझ्या हातची नव्हती, पण कुणाच्या लक्षातही आलं नाही. अशा माणसांसाठी तू दर सणाला खपायचीस.

पण या सगळ्यांपेक्षा एक नालायक माणूस त्या घरात बसला होता. त्याचीच गोष्ट आहे.

चार वर्षांपूर्वी सायली वरच्या खोलीत राहायला आली. पुण्याची पोर, जे. पी. नगरात नोकरी. काम काय, तर देशाचा दुष्काळ बघायचा. मी विचारलं, कुठून बघतेस? म्हणाली, "काका, स्क्रीनवर." मग लॅपटॉप उघडून आपल्या दोघांना समजावून सांगितलं. सॅटेलाइट वरून जमीन बघतो, पावसाचे आकडे येतात, मातीतली ओल कळते, आणि दर आठवड्याला अख्ख्या देशाचा नकाशा रंगतो. पिवळा म्हणजे कोरडं पडायला लागलं. नारिंगी म्हणजे वाईट. लाल म्हणजे फार वाईट. त्याच्या पुढं एक काळपट लाल, त्याला तिनं शब्द सांगितला नाही.

मी हसलो. म्हणालो, "एसीत बसून दुष्काळ रंगवायचा म्हणजे नोकरी बरी आहे." मला दुष्काळ कळायला कधी नकाशा लागला नाही. चाळीस वर्षं मी बोअरच्या जळक्या मोटारींत नवी तार भरली. ज्या उन्हाळ्यात माझ्या दुकानाच्या पायरीवर जळक्या मोटारींची रांग लागायची, तो दुष्काळ. पाणी संपलेल्या बोअरमध्ये मोटार कोरडी फिरते आणि आतली तार जळते. नुसत्या वासावरून मी सांगायचो. हे मी मोठ्या रुबाबात सायलीला सांगितलं. तू शेजारी ब्लाउजला हूक लावत बसली होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तुमच्याकडं मोटार येते तेव्हा पाणी संपून आठवडा झालेला असतो. आधी कळायला नको?"

सायलीनं तुझ्याकडं बघितलं. मी बघितलं नाही. मी तुझ्याकडं फार कमी बघितलं, हे आता बोलून काय उपयोग.

मग तू तिला तुझं माहेर शोधायला लावलंस. विजापूरकडचं, सीमेवरचं गाव. अर्ध्या गल्लीत मराठी, अर्ध्या गल्लीत कन्नड, आणि भांडण दोन्हीत. नकाशावर तिथं कुठलाच वाईट रंग नव्हता. सगळं हिरवं, छान.

"हे गं काय? आमच्याकडं हिरवं?"

"हो काकू, व्हेजिटेशन चांगलं दिसतंय तिथं. सॅटेलाइटला ग्रीन कव्हर—"

"कसलं कव्हर? वेडी बाभूळ आहे ती! ओढ्यानं, पडीक रानानं, मसणात, सगळीकडं माजलीय. शेळीसुद्धा तिच्या पाल्याला तोंड लावत नाही. शेळीएवढीही अक्कल नाही होय तुमच्या सॅटेलाइटला?"

मी खूप हसलो. मला वाटलं पोर रागावेल. तिनं वही काढून लिहून घेतलं. चार दिवसांनी येऊन म्हणाली, काकू, साहेबांनी विचारलंय, तिथल्या विहिरींचं पाणी दर आठवड्याला कोण सांगू शकेल?

तिथून तुझे बेस्तवार सुरू झाले. गुरुवारला तू कायम बेस्तवार म्हणायचीस, तुझ्या माहेरासारखं. बेस्तवारी सकाळी नाष्टा झाला की तू फोन घेऊन खाटेवर बसायचीस. सातजणींना सात फोन. त्या तुझ्या माहेराजवळच्या सात गावांतल्या, कुणी मैत्रिणी, कुणी चुलत, कुणी नुसत्या एका जत्रेतल्या ओळखीच्या. आधी अर्धा तास सून, जावई, खरूज, लग्न. माझं डोकं उठायचं. मग मुद्द्याचं: विहिरीत घागर सोडली तर काठापासून पाण्यापर्यंत दोर किती हात जातो? गुरं कुठं पाजता? ज्वारीचं पान टोकाकडून वाळलंय की अख्खं? दुपारी बाराच्या आत सायलीला सगळं द्यायचं, कारण बाराला नकाशा बंद होतो.

कचेरीला हात नको होते, फूट हवे होते. सायली म्हणाली, "काकू, एक हात म्हणजे दीड फूट धरू." तू म्हणालीस, "कुणाचा हात? दुंडव्वाचा हात सव्वा फूट आहे. रत्नव्वाचा पावणेदोन. एकच माप धरलं तर एकीची विहीर भरेल आणि दुसरीची आटेल, घरात बसून." आणि तू तुझी मापांची वही काढलीस. दर जत्रेला माहेरी जाऊन तू त्या सगळ्यांची ब्लाउजं शिवायचीस. बाही, दंड, कोपर, मनगट. प्रत्येकीचा हात तुझ्या वहीत होता. सायली त्या वहीकडं बघतच राहिली. मोठ्या मोठ्या यंत्रांना जे येत नाही ते माझ्या बायकोच्या शिवणाच्या वहीत होतं, आणि मी त्याच वहीवर चहाचा कप ठेवत होतो.

साहेबांनी तुला एकदा कचेरीत बोलावलं. तू हिरवं इरकल नेसलीस, मी दुकान बंद ठेवून आलो, कारण तुला तिथं मूर्ख बनवतील अशी माझी खात्री होती. काचेची खोली, थंडी अशी की माझे दात वाजायला लागले, आणि टेबलावर प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. सगळ्यांनी एकेक घोट घेऊन ठेवून दिलेली. साहेब उभं राहून दुष्काळावर बोलायला लागले, तेवढ्यात तू हात वर केलास.

"ती बाटली आधी संपवा. मग बोलूया."

सायलीनं खाली मान घातली. साहेबांनी हसून बाटली उचलली. तू बाकीच्यांकडं एकेक करून बघितलंस. काशे, त्या खोलीत शिकलेली आठ-दहा माणसं मुकाट्यानं पाणी पीत बसली होती. परत येताना बसमध्ये मी म्हणालो, "काय गरज होती?" तू म्हणालीस, "तहान नव्हती तर उघडायची नाही." मी वर तोंड करून म्हणालो, तुझ्यामुळं माझी मान खाली गेली. खरं म्हणजे त्या दिवशी माझी मान गगनाला लागली होती. हे तुला सांगायचं राहिलं.

नंतर नंतर तुला एकट्या माहेराचं पुरेनासं झालं. तू सायलीच्या लॅपटॉपवर देशभर फिरायचीस. कुठं कुठं लाल दिसलं की विचारायचीस, "इथं कोण आहे गं फोन करणारी?" सायली म्हणायची, "कोणी नाही काकू, तिथं फक्त सॅटेलाइट." "मग हा रंग खरा कशावरून?" तू त्या रंगावर बोट ठेवायचीस आणि म्हणायचीस, "इथल्या कुठल्यातरी बाईला शोधा की. शिवणारी असली तर बरं." मी कोपऱ्यातून म्हणायचो, "झालं, आता ही दिल्लीपर्यंत ब्लाउजं शिवणार."

आपलं भांडण मात्र तिथल्या तिथंच होतं. मी म्हणायचो, रंगवून पाऊस पडत नाही. तू म्हणायचीस, पाऊस पडत नाही, टँकर येतो. सायली सांगायची की तिकडचे साहेबलोक नकाशा बघून टँकर आधी कुठं पाठवायचा ते ठरवतात. मागं एका उन्हाळ्यात दुंडव्वाच्या वस्तीवर टँकर खरंच लवकर आला. तिनं फोनवर तुला कन्नडमध्ये ओव्या म्हटल्या. मी म्हणालो, "योगायोग." तू म्हणालीस, "सरी." सरी म्हणजे ठीक. तुझा 'सरी' ऐकून माणसाला थोबाडीत बसल्यासारखं वाटायचं.

आता त्या नालायक माणसाचं सांगतो.

दवाखान्यात पहिल्याच सकाळी तुझ्या तोंडावर तो प्राणवायूचा मास्क होता. तू तो बाजूला केलास आणि पहिलं वाक्य बोललीस ते माझ्यासाठी नव्हतं. "आज बेस्तवार. सातजणींना फोन करा. आकड्यांची वही आणलीय, इथं उशीखाली आहे." मी हो म्हणालो. वही घेऊन बाहेर आलो, बाकावर बसलो, फोन हातात घेतला. लावला नाही. गेल्या आठवड्याचे आकडे वहीत होते, तेच पुढच्या रकान्यात उतरवले. दुंडव्वाचे बावीस हात, तर बावीस. सगळेच तसेच नको दिसायला म्हणून रत्नव्वाच्या विहिरीला एक हात वाढवला. चोराला एवढी अक्कल असतेच. सायली बाराच्या आधी तुला बघायला आली तेव्हा वही तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "काकू, अशा अवस्थेतसुद्धा? ग्रेट आहात." तू माझ्याकडं बघून डोळे मिटलेस. मला वाटलं, शाबासकी.

पुढच्या बेस्तवारीही तेच.

मी स्वतःला काय काय कारणं सांगितली. बायकांशी काय बोलायचं. औषधं आणायची होती. नर्स ओरडते म्हणून तुझा फोन बंद ठेवला होता. आणि हे सगळं थोतांड आहे, कुठल्या तरी काचेच्या खोलीतल्या माणसांची करमणूक, असं मी चार वर्षं म्हणतच होतो. सगळी कारणं खोटी. खरं असं, की फोन लावला असता तर पहिल्याच बाईनं विचारलं असतं, "अक्का कुठं आहे?" आणि मला ते तोंडानं सांगावं लागलं असतं. सात वेळा. एवढंसुद्धा माझ्या छातीत नव्हतं. चाळीस वर्षं दोन माणसांच्या वजनाच्या मोटारी उचलल्या म्हणे.

दुसऱ्या बेस्तवारी संध्याकाळी ऊन खिडकीतून तुझ्या पायांवर आलं होतं. तू विचारलंस, "दुंडव्वाचं किती?"

"बावीस."

"बावीसच?"

"हो म्हटलं ना."

तू भिंतीकडं वळलीस आणि म्हणालीस, "बरं."

त्या 'बरं'नं माझं जेवण तोडलंय. चैत संपत आलाय, आणि तिकडं चैतात विहीर एका जागी थांबत नाही. हे तुला माहीत नव्हतं? तूच तर मला सांगितलं होतंस, की होळीनंतर विहीर म्हणजे म्हातारं माणूस, रोज थोडं कमी. मग तू 'बरं' का म्हणालीस? खोटं ओळखलंस आणि माझी लाज राखलीस? की एका घटकेपुरतं खरंच मानलंस, की कुठंतरी काहीतरी थांबलंय? भांडली असतीस तर बरं झालं असतं. आयुष्यभर भांडलीस आणि नेमकं त्याच दिवशी सोडून दिलंस. हे काही वागणं झालं?

मंगळवारी तू गेलीस. अग्नी मीच दिला; दुसरं कोण आहे आपल्याला. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही.

बुधवारी दुपारी सायलीचे साहेब आले. काचेच्या खोलीतले. पायात मोजे, हातात चौकट. चौकटीत देशाचा नकाशा, खाली तुझं नाव. माणूस वाईट नाही, पण बोलायला उभा राहिला की त्याला थांबता येत नाही. घरात बसलेल्या दहा-बारा माणसांसमोर तो म्हणाला, सायलीनं मराठीत करून सांगितलं, "काशीबाईंनी चार वर्षांत एकही आठवडा चुकवला नाही. शेवटचे दोन आठवडे तर त्यांनी दवाखान्यातून आकडे पाठवले. आमच्या ऑफिसात आम्ही सगळ्यांना हे उदाहरण देतो."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मावसभावानं टाळी वाजवायला हात उचलले आणि सुतक आठवून खाली घेतले. मी काय केलं? मी चौकट दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणालो, "थँक्यू."

तुझी चार वर्षं खरी, काशे. एक विहीर तू अंदाजानं लिहिली नाहीस. एकदा रत्नव्वा लग्नाला गेली होती तर तू रकाना रिकामा ठेवलास, सायलीनं आग्रह केला तरी. आणि त्या चार वर्षांच्या टोकाला तुझ्या नावावर दोन खोटे आठवडे चिकटलेत, आणि लोक नेमका त्यांचाच सत्कार करतायत. तिकडं सात गावांत टँकर आला की नाही, मला माहीत नाही. नकाशा म्हणतो घाई नाही. नकाशाला कोण म्हणालं? तू. तुझं नाव आहे तिथं. मी माणसं गेल्यावर ती चौकट भिंतीकडं तोंड करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बेस्तवार होता, मी तुझा फोन चालू केला. चालू होताच तो टुणटुण वाजत सुटला. दुंडव्वा, रत्नव्वा, परत दुंडव्वा. मी दुंडव्वाला लावला.

"अक्का! कुटं हाईस गं? दोन बेस्तवार झालं—"

"मी बोलतोय."

"अण्णा? अक्का कुटाय?"

मी सांगितलं. तोंडानं. मागं कोंबड्या ओरडत होत्या. मग ती रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, "माजं पोलकं कापून ठेवलं हुतं तिनं. ह्या जत्रंला देतो म्हणाली हुती." मी थांबलो. मग म्हणालो, दुंडव्वा, आणखी एक सांगायचंय. तुझ्या विहिरीचा आकडा दोन आठवडे मी लिहिला. मनानं.

"किती लिवला?"

"बावीस."

"बावीस?" रडणं तिथंच थांबलं. "अण्णा, बावीसला पानी बगून तीन आठवडं झालं! आमी रोज रस्त्याकडं बगतोय, टँकर का येईना, का येईना. शेवटाला दोन मैल जाऊन आनतोय. तुमाला लाज न्हाई?"

"आता वाटतेय."

"आता वाटून काय करू? डोक्यावर घागर कवा घेतलीया का तुमी?"

"नाही."

"मग गप बसून लिवा. एकतीस हात. घागर खाली टेकती, वर येती ती चिकलाची. म्हशीला गडूळ पानी पाजून तिचं प्वाट बिगडलंय, त्ये बी लिवा. अक्का लिवायची समदं."

मी सगळं लिहिलं. तुझ्या मापांच्या वहीतून तिचा हात शोधून काढला आणि फूट केले, दोनदा गुणाकार करून. मग पुढचा फोन. प्रत्येकीला दोन्ही गोष्टी सांगितल्या, आधी तू, मग मी. दोघींनी शिव्या दिल्या, एक नुसतीच रडली, एक म्हणाली, अक्काचा नवरा असा निघेल वाटलं नव्हतं. बरोबर आहे. दोघींनी फोन उचलला नाही.

मग जिना चढून सायलीचं दार ठोठावलं. तोंडात ब्रश घेऊन तिनं दार उघडलं. मी दारातच सगळं सांगितलं. ती चूळ भरून आली आणि पायरीवर बसली.

"काका... पब्लिश झालेला आठवडा लॉक होतो. तो नाही बदलता येत."

"मग कुलूप उघड."

"तसं कुलूप नसतं ते. पण आजचे आकडे आपण लगेच टाकू, आणि मी सरांना सांगून तिकडच्या ऑफिसला आत्ताच मेल करायला लावते. टँकरचं अर्जंट म्हणून. ते होईल."

"ते कर आधी. आणि नाव बदल. त्या दोन आठवड्यांपुढं काशीबाई आहे, तिथं माझं लिही."

"काका, ते नाव कोणी बघतसुद्धा नाही."

"काल दहा-बारा जणांनी बघितलं."

तिनं साहेबांना फोन लावला, मलाही ऐकू येईल असा. साहेब हिंदीत म्हणाले, अंकल, ऐसे टाइम में हो जाता है, इट्स ओके. मी म्हणालो, माझ्या मोडक्या हिंदीत, "उसने चार साल में एक बार भी नहीं किया. होता होगा तो मेरे से होता है. मेरा नाम डालो." मग ते म्हणाले, लिखके भेज दीजिए. हम रेकॉर्ड में लगा देंगे.

सायलीनं कागद दिला. मी गुडघ्यावर धरून लिहायला लागलो. 'दिनांक अमुक आणि अमुक, या दोन बेस्तवारचे सातही विहिरींचे आकडे मी फोन न करता लिहिले. ते धरू नयेत.' पुढं लिहिलं, 'काशीबाईला हे ठाऊक नव्हतं.' मग हात थांबला. हे तरी मला कुठं ठाऊक आहे? परत अंदाजानंच लिहीत होतो. तुझ्याबद्दलचा आकडासुद्धा मनानंच. ती ओळ खोडली. खाली लिहिलं, 'काशीबाईनं मला विचारलं होतं. मी तिला खोटं सांगितलं.' आणि पूर्ण नावानं सही केली.

सायलीनं कागदाचा फोटो काढून पाठवला. मला आत येऊन बसा म्हणाली. मी नको म्हणालो. बारा वाजायला अजून वेळ होता, आणि दोघींचे फोन लागायचे राहिले होते.